मखमलचा हललेला फोटो

"थांब मामा, तिला उचलू नकोस!" चिमणी ओरडत स्टुडिओत शिरली आणि मागून धावत आलेला तिचा लंबूटांग भाऊ उंटोबा तिच्यावरच आदळला.

फोटोग्राफर मामा बुटांचं रिकामं खोकं घेऊन उभा होता. समोर काचेच्या पेटीत मखमल, म्हणजे मावशीची लाडकी टॅरंटुला, पंजाएवढी केसाळ कोळीबाई, उताणी पडली होती. आठही पाय वर!

"मेली बिचारी," मामा म्हणाला. "संध्याकाळी मावशी यायच्या आत कुंडीत पुरून टाकतो."

चिमणी पेटीकडे धावली. सुट्टीभर मखमलला सांभाळायचं वचन तिनं मावशीला दिलं होतं. पण मग तिला एकेक गोष्ट आठवू लागली. मखमलनं खाणं सोडलं होतं. रंग विटला होता. पोटावरचं टक्कल काळंभोर झालं होतं. आणि काल तर तिनं जमिनीवर पांढऱ्या जाळ्याची सतरंजी अंथरली होती!

"मामा, मेलेला कोळी पाय पोटाशी आवळतो. मावशीनंच सांगितलंय. ही कात टाकतेय!"

"कात साप टाकतो गं! कोळ्याला कुठली आलीय कात?"

ऐकेल तर तो मामा कसला! चिमणीनं लगेच सूर बदलला. "बरं बाबा. पण मावशीसाठी एक शेवटचा फोटो तरी काढ! फ्लॅश नको, अगदी मंद उजेडात, कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवून. असा फोटो तुझ्याशिवाय कुणाला जमणार?"

मामा चढला हरभऱ्याच्या झाडावर! तो कॅमेरा स्टँडवर बसवू लागला. तेवढ्यात उंटोबानं आपला लांबलचक हात पेटीत घालून मामानं मखमलला खायला सोडलेले रातकिडे चिमट्यानं अलगद उचलले. कात टाकताना मखमलचं अंग लोण्यासारखं मऊ होणार, आणि तेव्हा हेच तिला कुरतडायचे!

खट्याक्!

"हॅ! फोटो हलला." मामानं पुन्हा काढला. "परत हलला? जन्मात माझा फोटो हलला नाही!"

"कॅमेरा स्टँडवर आहे," चिमणी हळूच म्हणाली. "तू तर श्वास रोखून उभा आहेस. मग हललं कोण, मामा?"

मामा कॅमेरा सोडून पेटीवर वाकला.

मखमलच्या पाठीवरचं कवच झाकणासारखं उघडत होतं! मग हातमोज्यातून बोटं काढावीत तसे तिनं एकेक करून पाय सोडवले. तिघं दुपारभर जागचे हलले नाहीत. मामानं तर दुकानाचं दारच लावून घेतलं.

संध्याकाळी मावशी पेटीत डोकावली आणि किंचाळली, "अगं बाई, दोन?"

"एक रिकामी आहे!" उंटोबा म्हणाला. दुसरी, खरी मखमल, नव्या काळ्या कोऱ्या अंगानं निवांत पडली होती.

सगळी हकिकत ऐकून मावशीनं दोघांना जवळ ओढलं. "शाबास गं चिमणे! तू नसतीस तर माझी मखमल जिवंत पुरली गेली असती." चिमणीला एकदम रडूच आलं, आणि हसूही.

तो फोटो आता स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावलाय. गिऱ्हाईक हसलं, की मामा छाती फुगवून म्हणतो, "हलला म्हणूनच लावलाय! आणि तो का हललाय हे पहिल्यांदा कळलं आमच्या भाचीला."