बिनकाट्याची मासळी

"उद्या पहिल्या गाडीने पारोळा! किल्ला बघायचा, बुरुजावर बसून भाकरी खायची आणि शेवटच्या गाडीने परत!" कोकिळाने जाहीर करून टाकलं.

"भाकरी कोण करणार?" तिच्या दहा वर्षांच्या भावाने, मगनने विचारलं.

"तू!"

"मग आपण उपाशीच मेलो!" बाबल म्हणाला.

बाबल मयेकर मूळचा मालवणचा. त्याची आई भोकरटेकच्या आरोग्य केंद्रात नर्स म्हणून बदलून आली, तेव्हा तोही या बिनसमुद्राच्या गावात आला. दोन वर्षांत त्याला अहिराणी येऊ लागली होती, पण इथल्या तिखटाने त्याच्या डोळ्यांतून अजून पाणी यायचं.

१९८८ च्या मे महिन्यातला तो शनिवार, गावच्या बाजाराचा दिवस होता. तिघांची सभा ओट्यावर भरली होती. कोकिळाची आई लग्नासाठी जामनेरला गेली होती, त्यामुळे वडिलांनी, म्हणजे हिलालआबांनी सकाळीच बाजारातून सुकी मासळी आणून स्वतः चुलीवर भाजली होती.

"या रे पोरांनो!" ते आतून म्हणाले. "काटाच नाही, नुसता गर! झुलालनाना म्हणतो, नवा माल आहे."

"आमची पोटं आंब्यांनी भरलीत, आबा!"

अर्ध्या तासाने मनी मांजर बाहेर आली. तिचे मागचे पाय फरफटत होते. पायरीवर ती कलंडली ती उठलीच नाही. डोळे मात्र टक्क उघडे.

पाठोपाठ आबा ओठ पुसत आले. "मुंग्या आल्या रे ओठांना. जिभेलाही. मिरची जास्त झाली वाटतं."

कोकिळाने मनीकडे पाहिलं. मग आबांकडे.

"आबा, मनीने काय खाल्लं?"

"माझ्याच ताटातला तुकडा."

"पण मनीने मिरची नाही खाल्ली."

आबा काहीतरी बोलायला गेले, पण शब्द जड झाले होते. त्यांच्या हातातला पेला निसटून खाली पडला. कोकिळाने ताटातला उरलेला तुकडा फडक्यात बांधला. "मगन, आत्याला बोलाव! बाबल, बाज धर!"

शेजाऱ्यांनी बाज उचलून केंद्रात आणेपर्यंत आबांचे हात लुळे पडले होते. डॉक्टर धुळ्याला बैठकीला गेले होते. कंपाउंडर लांबूनच पाहून हसला. "लग्नसराई आहे. रात्री जास्त झाली असेल. लिंबूपाणी पाजा, उतरेल."

"माझे आबा पीत नाहीत!" कोकिळा ओरडली.

"सगळ्यांचेच आबा पीत नाहीत म्हणे, बाई!"

बाबलने फडक्याची गाठ सोडली. तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"आई! याला बरगडीचे काटेच नाहीत. हा केंड तर नसेल?"

मयेकर सिस्टर धावत आल्या. तुकडा पाहून त्यांनी कोणीतरी आणलेला लिंबूपाण्याचा पेला सरळ मोरीत ओतला. "काही पाजू नका! त्यांना गिळता येत नाहीये, पाणी छातीत जाईल. आमच्याकडे हा मासा जाळ्यात आला तर फुगून चेंडू होतो. पोरंसुद्धा त्याला हात लावत नाहीत. विषारी असतो."

"मग औषध द्या ना!" मगन रडवेला झाला.

"त्याच्यावर उतारा नाही, बाळा. पण विष आपणहून उतरतं. तोवर यांचा श्वास बंद पडला, तर तो आपण द्यायचा." त्यांनी कपाटातून मुखवटा लावलेला रबरी फुगा काढला. "आणि एक लक्षात ठेवा. यांना बोटही हलवता येणार नाही, पण बहुतेक सगळं ऐकू येत असेल. वाटेल ते बोलू नका यांच्यासमोर."

पोस्टातून पारोळ्याच्या दवाखान्यात फोन गेला. गाडी संध्याकाळपर्यंत येईल, असं उत्तर आलं.

"बाजारात अजून ती मासळी विकली जात असेल!" कोकिळा म्हणाली. "तुम्ही दोघं जा. मी आबांना सोडणार नाही."

झुलालनानाच्या पालापुढे गिऱ्हाइकांची गर्दी होती.

"नाना, ही मासळी विषारी आहे! विकू नका!" बाबल ओरडला.

"चल हट! धंद्याच्या वेळी खोटं बोलतो?"

बाबलने एक तुकडा उचलून त्याच्यापुढे धरला. "मग तुम्ही खाऊन दाखवा!"

"मन्हा शनिवार शे आज. उपास!"

"बरं झालं! म्हणून तर तुम्ही उभे आहात. हिलालआबा आडवे पडलेत!"

हिलालआबांचं नाव ऐकताच गर्दी थबकली. तेवढ्यात मगन पालामागे शिरला आणि त्याने तिथलं पोतं सगळा जोर लावून उलटं केलं. काटेरी सालपटं आणि वाळलेली डोकी घरंगळली. प्रत्येक डोक्याला पोपटाच्या चोचीसारखे दात! पोत्यावर निळ्या शाईत छापलेलं होतं: 'खतासाठी'.

झुलालनानाने हातातला तराजू खाली ठेवला. "केळीच्या बागेला आणलं होतं. हे तुकडे जाड दिसले, काटा नव्हता... फेकायचे कशाला म्हटलं."

"कोणाकोणाला विकले? नावं सांगा!" बाबल म्हणाला.

देवळाच्या भोंग्यावरून अकरा नावं पुकारली गेली. नऊ घरांतली मासळी अजून कच्चीच होती. दोघांच्या ओठांना मुंग्या आल्या होत्या. ते चालत केंद्रात आले आणि सिस्टरांनी त्यांना नजरेसमोर बसवून ठेवलं.

इकडे अकराच्या सुमारास आबांचा श्वास थांबला.

सिस्टरांनी मुखवटा तोंडावर घट्ट धरला आणि फुगा दाबला. छाती वर आली. सोडला, खाली गेली. "नाडी चालू आहे. हात दुखले की बदला. पण थांबायचं नाही!"

फुगा कधी दाबायचा, हे चुकायला लागलं तेव्हा मगनने युक्ती काढली. "मी पाढे म्हणतो. एका ओळीला एकदा दाबायचं!"

"सतरा एके सतरा." दाब. "सतरा दुणे चौतीस." दाब.

दुपार झाली. दारात गाव जमलं. कोणीतरी कुजबुजलं, "संपलं रे. आता उगीच हाल करताहेत त्याचे." भागाबाई आत्या हुंदके देत आत आली. तिच्या हातात देव्हाऱ्यातला गंगाजळाचा गडू आणि तुळशीचं पान होतं.

"बाजूले सर, पोरी. मन्हा भाऊना तोंडमा पानी टाकू दे."

"नाही, आत्या."

"येडी शे का तू? तसाच जाऊ देशी का त्याले? बठ्ठा गाव देखी ऱ्हायना!"

कोकिळाचे हात फुग्यावर होते. ती बाजूला झाली नाही. "गाव बघू दे. ते पाणी छातीत गेलं, तर आबा तुझ्या हातून जातील. आत्या, त्यांना ऐकू येतंय. तू रडलेलंही ऐकू येतंय. त्यापेक्षा त्यांच्याशी बोल ना!"

आत्या गडू धरून तशीच उभी राहिली. मग तिने तो खिडकीत ठेवला, भावाच्या पायाशी बसली आणि तळपाय चोळत लहानपणच्या बोरांची गोष्ट सांगू लागली.

कोकिळा आबांच्या कानाशी वाकली. "आबा, तुमचा ट्रान्झिस्टर मांजरीने नाही पाडला. मी पाडला. तुम्ही उठा आणि मला रागवा. पण उठा."

दाब. सोड. दाब. सोड. बाबल आला, मग सिस्टर, मग मान खाली घालून कंपाउंडर. पुन्हा कोकिळा. मगनचा आवाज बसला, तरी सतराचा पाढा थांबला नाही.

दिवेलागणीला सिस्टर एकदम म्हणाल्या, "थांबा!"

सगळ्यांचे डोळे त्या छातीवर खिळले. ती हलली नाही. मग जराशी हलली. आपणहून!

"आबा!"

पारोळ्याहून गाडी घेऊन आलेल्या डॉक्टरांनी छाती तपासली, नाडी मोजली आणि फुग्याकडे पाहिलं. "कोण दाबत होतं हा?"

सिस्टरांनी मुलांकडे बोट केलं. डॉक्टरांनी एकेकाचा लाल झालेला तळवा हातात घेऊन पाहिला. "आठ तास! या हातांनी माणूस राखलाय."

रविवारी सकाळी आबा उशीला टेकून बसले. कोकिळा, मगन आणि बाबल पलंगाभोवती उभे होते. कंपाउंडरने कोकिळाची माफी मागितली होती. झुलालनानाने ती सगळी मासळी सरपंचांसमोर खोल खड्ड्यात पुरली होती. मनी मात्र उठली नव्हती. तिला तिघांनी परसात निंबाखाली पुरलं होतं.

"भागा," आबा खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "तुझा गडू देव्हाऱ्यात ठेव. इतक्यात लागायचा नाही."

आत्या रडत रडत हसली.

"आणि कोकिळा, बिचाऱ्या मनीवर आळ घेतलास ना? ट्रान्झिस्टरचं नंतर बघू."

कोकिळाला हसायचं होतं, पण रडूच आलं आणि तिने तोंडावर ओढणी धरली. म्हणजे आबांनी सगळं ऐकलं होतं!

आबांनी हात हळूहळू उचलला आणि मगनचा कान धरला.

"सतरा नव्वे एकशे त्रेपन्न, गाढवा! दिवसभर एकशे त्रेसष्ट, एकशे त्रेसष्ट! आणि मला साधी जीभही हलवता येईना!"