चंद्रावरचं ग्रहण आणि ओजसचा पाय

माझ्या भावाच्या पायाला न दिसणारी दोरी कुणी बांधली? घोट्याच्या वर गोल खोल खाच आणि खाली पाऊल हे असं फुगलेलं! मी निरखून निरखून पाहिलं. दोरी नव्हतीच.

ओजस तीन महिन्यांचा आहे. आम्ही चंद्रावरच्या वसाहतीत राहतो. आई इथल्या हरितगृहात भाज्या पिकवते, बाबा लांबच्या खाणीवर कामाला असतात. आजी साताऱ्याहून रोज पडद्यावर येते आणि आईला ऐकवते, "पोटुशी असताना ग्रहणात काकडी चिरलीस ना? भोग आता!"

पण ग्रहण कुठलं? तेव्हा आजीला चंद्रग्रहण दिसत होतं. आम्हाला इथून पृथ्वीनं सूर्य झाकलेला दिसत होता, म्हणजे सूर्यग्रहण! मग पाळायचं कुणाचं? विचारलं तर आजी म्हणाली, "आगाऊपणा पुरे." आई मात्र नुसती रडायची आणि ओजसला माझ्याकडेच देऊन टाकायची. मला तिचा रागही यायचा आणि वाईटही वाटायचं.

आज ओजसची बोटं निळी पडली. आम्ही दवाखान्याकडे धाव घेतली.

"रक्त नीट पोचत नाहीये," डॉक्टर सलमा मणेर म्हणाल्या. "ऑपरेशन आजच करायला हवं. नाहीतर पाऊल गमवावं लागेल."

आणि नेमकं आजच ग्रहण! आजी दवाखान्यातल्या पडद्यावरून ओरडली, "ग्रहणात सुरी लावायची? मुळीच नाही!"

आई डॉक्टरांकडे वळली. "डॉक्टर, उद्या नाही का चालणार?"

"उद्याची खात्री मी देऊ शकत नाही, रेवतीताई."

"पण दोरीच नाही, तर कापणार काय?" मी मध्येच तोंड घातलं.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "बाळ पोटात एका पिशवीत, गर्भजलात (बाळाभोवतीच्या पाण्यात) तरंगतं. कधी कधी पिशवीचं आतलं पातळ अस्तर फाटतं आणि त्याचे धागे सुटतात. एखादा धागा पायाला वेढला, की पाय वाढतो पण धागा वाढत नाही. मग अशी खाच पडते. जन्मापर्यंत धागा बहुधा गळून जातो, खाच तेवढी राहते."

"अस्तर का फाटतं?"

"ते अजून नक्की कळलेलं नाही."

"मग खाच गोल कापा आणि टाका शिवून!"

"तिथंच फसायला होतं. व्रण (जखम भरल्यावर राहणारी खूण) हळूहळू आवळतो. गोल शिवलं तर पुन्हा गोल फास!" त्यांनी माझ्या मोज्यावर पेनानं नागमोडी रेघ ओढली. "म्हणून असं कापायचं. त्वचेचे त्रिकोणी पदर (एका बाजूनं पायाला जोडलेले तुकडे) सुटतात. त्यांची अदलाबदल करून शिवायचं. मग व्रण एका गोल रेषेत येत नाही. आज अर्ध्या बाजूचं करू, उरलेलं काही आठवड्यांनी. म्हणजे पावलाचा रक्तपुरवठा सांभाळता येतो."

वाकडं कापल्यावर पाय नीट होणार? माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

"आणि काकडीचं काय?" आईनं हळूच विचारलं.

"रेवतीताई, मी पृथ्वीवर असताना अशी बाळं पाहिलीत. त्यांतल्या काहींच्या आयांनी ग्रहण अगदी कडक पाळलं होतं."

"पाळलं तरी?"

"पाळलं तरी."

आईनं डोळे पुसले. आजी अजून ओरडतच होती. आईनं तिच्याकडे पाठ फिरवली आणि माझ्याकडून ओजसला घेऊन डॉक्टरांच्या हातात दिलं. "कापा," ती म्हणाली.

बाहेर सूर्य झाकला गेला. आत काय चाललंय ते मला कळत नव्हतं. मला फक्त भीती वाटत होती.

शेवटी दार उघडलं. ओजसची बोटं गुलाबी झाली होती! पडद्यावर आजी पुढे वाकून बघायला लागली. "ग्रहणातच बरा झाला की गं हा! मग मी आता दोष कशाला देऊ?"

"कशालाच नको," मी म्हणाले. "आधी आईची माफी माग."

"चुकलं माझं, रेवती," आजी पुटपुटली.

"डॉक्टर, हा धागा बाळ पोटात असतानाच तोडता नाही येणार?" मी विचारलं.

"काही ठिकाणी बारीक नळीतून तसा प्रयत्न करतात. अवघड आहे. तू मोठी होईपर्यंत सोपं होईल कदाचित."

मी ते सांगायला आईकडे वळले. तिनं ओजसला छातीशी घट्ट धरलं होतं. "माझ्याच हातानं याचं वाईट झालं असं वाटून इतके दिवस मला माझ्याच बाळाला हात लावायची भीती वाटायची गं," ती म्हणाली.