बासरीत नसलेला सूर

"डावीकडे! अरे, डावीकडे पळ!"

"डावीकडेच पळतोय!" कप्तान पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला.

"मग ते पाणमांजर भिंतीवर का आपटतंय?"

"कारण डावीकडे भिंत आहे!"

सुट्टी सुरू होऊन आठवडा झाला होता आणि तिघांचा मुक्काम मावशीकडे होता. कप्तान तेरा वर्षांचा. व्हिडिओ गेमचा रिमोट कायम त्याच्याच हातात असायचा, म्हणून ही पदवी. त्याच्याहून वर्षाने लहान असलेल्या मावसभावाला सगळे शंकासुर म्हणत. तो कसल्याही उत्तरावर आणखी एक प्रश्न विचारू शकत असे. आणि कप्तानची बहीण मुंगी, वय दहा. ती बोलायची कमी, ऐकायची जास्त.

खेळात एक पाणमांजर हातात कंदील घेऊन हिंडत होतं. मावशी टेबलापाशी बसून काडीला गुंडाळलेल्या फडक्याने बासरी आतून पुसत होती. तिची पाठ पडद्याकडे होती.

"गुहेत शिरलात वाटतं," ती म्हणाली.

"तू तर बघतही नाहीयेस!" कप्तान म्हणाला.

"ऐकतेय ना. कुरणात होती तीच चाल आहे ही. फक्त तिच्यातला गंधार खाली उतरवलाय." मावशीने बासरी ओठांना लावली. आधी कुरणाची चाल वाजवली, मग एकच सूर किंचित खाली घेऊन तीच चाल पुन्हा.

"अय्या!" मुंगी म्हणाली. "एकच सूर बदलला आणि ऊन गेलं!"

तेवढ्यात पाणमांजराने चुकून झोपेचं फूल खाल्लं. लगेच ते गुळातून चालल्यासारखं चालू लागलं आणि संगीतही रेंगाळत, घोगरं होत गेलं.

"हळू झालं ते कळलं," शंकासुर म्हणाला. "पण आवाज जाड का झाला?"

"आला प्रश्न!" कप्तानने कपाळावर हात मारला.

"चांगला प्रश्न आहे," मावशी म्हणाली. "सूर म्हणजे हवेची थरथर. थरथर जितकी भरभर, तितका सूर उंच. आता मुद्रित केलेला आवाज हळू फिरवला, तर त्याच्यातली थरथरसुद्धा हळूच होणार. म्हणजे चाल लांबते आणि सूर खाली येतो. दोन्ही एकदमच."

"मग वेळ संपत आल्यावर संगीत नुसतंच जलद होतं, बारीक होत नाही, ते का?"

"कारण तिथे खेळ तेच सूर नव्याने, भरभर वाजवतो. कसलाही आवाज ओढत किंवा दाबत नाही. चला, आवरा आता. मला स्टुडिओत पोहोचायचंय. येणार असाल तर तिथे तोंड बंद ठेवायचं. शंकासुरा, खास तुला सांगतेय."

मावशीसाठी आजचा दिवस मोठा होता. ती शाळेत संगीत शिकवायची आणि तिला पहिल्यांदाच चित्रपटात वाजवायला मिळालं होतं. घरातल्या कपड्यांच्या कपाटात, चारी बाजूंनी रजया टांगून तिने आपली बासरी मुद्रित केली होती. मुलं तेव्हा बाहेर श्वास रोखून बसली होती. शेवटचा सूर सहाही भोकं बंद करून वाजवायचा होता. त्या बासरीचा तो सगळ्यात खालचा सूर. तो थांबल्यावरही कपाटाचं दार उघडायला कुणाचा हात धजला नव्हता.

*

स्टुडिओचं दार फ्रिजच्या दारासारखं जाड होतं. ते लागलं आणि रस्त्यावरचा सगळा आवाज कापल्यासारखा बंद झाला. आत दोन माणसं होती. चित्रपटाचे संगीतकार खुर्चीत मागे रेलून डोळे चोळत होते. ते सकाळपासून ऐकत बसले होते. गळ्यात हेडफोन अडकवलेले ध्वनिमुद्रक चपला काढून, मांडी घालूनच यंत्रासमोर बसले होते. मुलांनी त्यांना लगेच साउंडकाका करून टाकलं.

"या ताई, या. व्हायोलिनं गेल्या आठवड्यातच झाली. आता तुमची फाइल घालतो, की झालं!" साउंडकाकांनी मावशीची फाइल पडद्यावर ओढली. एक छोटी चौकट उघडली. तिच्यात बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. त्या कुणी वाचायच्या आत काकांनी बटण दाबलं आणि चौकट नाहीशी झाली.

शंकासुराला राहवलं नाही. "काका, काहीतरी लिहिलं होतं."

"अरे बाळा, असले निरोप दिवसभर येत असतात. वाचत बसलो तर गाणी कधी करू?"

मावशीने डोळे वटारले. शंकासुराने तोंडावर हात ठेवला.

पडद्यावर चित्रपटातला प्रसंग सुरू झाला. घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा आपलं दुकान कायमचं बंद करत होते. आधी मावशीचा मोजण्याचा आवाज आला, "एक, दोन, तीन, चार..."

"मावशी," मुंगी कुजबुजली, "तेव्हा तुला सर्दी झाली होती?"

"नाही गं. गप."

बासरी सुरू झाली आणि मावशीचा चेहरा उतरला. व्हायोलिनांच्या शेजारी बासरी भलतीच वाजत होती. जिना उतरताना दोन पायऱ्यांच्या मधेच कुठेतरी पाय ठेवायला जावं, तसं. शिवाय ती मागेही पडत होती. आजोबांनी दिवा मालवला, दार ओढलं, कुलूप लावलं. बासरी त्या कुलपाबरोबर संपायला हवी होती. पण पडदा काळा झाला तरी ती एकटीच वाजत राहिली, आणि बऱ्याच वेळाने त्या शेवटच्या खालच्या सुरावर येऊन थांबली.

साउंडकाकांनी यंत्र थांबवलं.

"ताई," शेवटी संगीतकार हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही मेहनत केलीय, दिसतंय. पण सूर उतरलाय आणि लयही. चित्रपट उद्या पाठवायचाय. मी की-बोर्डवरच्या बासरीने काम भागवतो. वाईट वाटून घेऊ नका."

"घरी तर बरोबर वाटत होतं," मावशी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "माझाच कान फसला असेल."

ती बासरी पिशवीत घालू लागली. रोज ती पिशवीच्या नाडीची सुरगाठ मारायची. आज तिने निरगाठ मारली. एक, आणि तिच्यावर आणखी एक.

*

बाहेरच्या बाकावर मावशी खाली मान घालून बसली. कप्तान तिच्याशेजारी बसला.

"मुंगे, पाणी आण गं मावशीला," तो म्हणाला.

"म्ंऽऽऽ," मुंगी म्हणाली.

"काय?"

"म्ंऽऽऽ!" मुंगीने मान जोरजोरात हलवली. ती ओठ मिटून एकच सूर गुणगुणत होती. श्वास घ्यायला थांबायची आणि पुन्हा तोच सूर धरायची. काठोकाठ भरलेला पेला घेऊन चालणाऱ्या माणसासारखी ती एकेक पाऊल टाकत होती.

"हिला काय झालं?" शंकासुराने विचारलं.

मुंगीने बासरीकडे बोट दाखवलं. मग सहा बोटं दाखवली. मग ती सहा बोटं हवेतच दाबून धरली. सूर मात्र सोडला नाही.

"सगळी भोकं बंद?" शंकासुर ओरडला. "शेवटचा सूर! ही शेवटचा सूर धरून बाहेर आलीय!"

मुंगीचे डोळे चमकले. "म्ंऽऽऽ!"

"नको रे आता," मावशी म्हणाली. "मला बासरी काढायचीच नाहीये."

"फक्त एक सूर, मावशी! हिचा श्वास संपायच्या आत!" कप्तानने पिशवी घेतली सुद्धा. निरगाठ नखांनी सुटेना, तेव्हा त्याने ती दातांनी सोडवली. मावशीने सुस्कारा टाकून सहाही भोकं बंद केली आणि हलकेच फुंकर घातली.

सूर आला. मुंगीचा सूर त्याच्याखाली होता. चांगलाच खाली.

मावशी थबकली. तिने मुंगीच्या गुणगुणण्याकडे कान दिला आणि पुन्हा वाजवलं. मग बासरी ओठांवर किंचित फिरवून सूर खाली ओढायचा प्रयत्न केला. तो थोडासाच वाकला, आणि मग नुसती हवाच फुसफुसली.

"मुंगी खाली घसरली असेल," शंकासुर म्हणाला.

"मी नाही घसरले!" मुंगी एकदाची बोलली आणि लालेलाल झाली. "कपाटात तू वाजवलेला सूर हाच होता, मावशी. तो मला पाठ आहे. स्टुडिओतला सूर वेगळा होता!"

"पण याच्या खालचा सूर या बासरीत नाहीच," मावशी सावकाश म्हणाली. "बंद करायला सातवं भोक आहे कुठे?"

"मग जो सूर तू वाजवूच शकत नाहीस," शंकासुर म्हणाला, "तो तू चुकून तरी कसा वाजवशील?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"लांबलं पण आणि खाली पण आलं," कप्तान पुटपुटला. "दोन्ही एकदमच." मग तो उडीच मारून उठला. "झोपेचं फूल! मावशी, तुझ्या बासरीला कुणीतरी झोपेचं फूल खायला घातलंय!"

"आणि मोजणाऱ्या मावशीलासुद्धा!" मुंगी म्हणाली. "म्हणून सर्दी!"

*

"यंत्र चुकत नसतं, पोरांनो," साउंडकाका हसत म्हणाले.

"एकच सूर, सर," कप्तान संगीतकारांकडे वळून म्हणाला. "फक्त शेवटचा. आधी यंत्रातला, मग मावशीचा. मग आम्ही घरी जाऊ."

संगीतकारांनी घड्याळाकडे पाहिलं, मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि मान डोलावली.

यंत्रातला सूर वाजला. पाठोपाठ मावशीने सहाही भोकं बंद करून वाजवलं. संगीतकार खुर्चीत ताठ बसले.

"पुन्हा."

पुन्हा तेच झालं.

"ताई, मुद्रणाला वेगळी बासरी होती का? याहून लांब?"

"या पट्टीची माझ्याकडे एवढीच आहे."

संगीतकार की-बोर्डपाशी गेले. मावशीचा सूर त्यांना लगेच सापडला. यंत्रातला सूर मात्र कुठल्याच पट्टीवर बसेना. एक पट्टी थोडी वर, तिच्याखालची थोडी खाली. "बरोबर फटीत आहे! दीड पट्टी खाली. असं कुणी बेसूर वाजवत नाही. बेसूर माणूस कधी वर जातो, कधी खाली. ही बासरी सगळीकडे सारखीच खाली आहे. सकाळपासून ऐकून माझे कान दमलेत, नाहीतर मला हे कळायला हवं होतं."

"काका," शंकासुर अगदी नम्रपणे म्हणाला, "फाइल पुन्हा एकदा घालाल का? मघाचा निरोप तसाच राहिला वाचायचा."

साउंडकाकांनी फाइल पुन्हा ओढली. चौकट उघडली. त्यांचं बोट सवयीने बटणाकडे धावलं. कप्तान, मुंगी आणि संगीतकार एकदमच ओरडले, "थांबा!"

शंकासुराने मोठ्याने वाचलं, "'फाइलचे माप अठ्ठेचाळीस हजार आहे. आपल्या कामाचे माप चव्वेचाळीस हजार शंभर आहे. फाइल बदलून घ्यायची का?' हे कसलं माप?"

साउंडकाकांनी गळ्यातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले. त्यांचे कान लाल झाले होते.

"यंत्र आवाजाचे ठिपके साठवतं, बाळा. सेकंदाला इतके हजार ठिपके. चित्रपटवाले अठ्ठेचाळीस हजार घेतात. ताईंनी तसेच घेतले, त्यांचं बरोबर होतं. पण गेला महिनाभर आम्ही नुसती गाणी करत होतो, म्हणून माझं यंत्र गाण्यांच्या मापावर राहिलं. त्यांचे एका सेकंदाचे ठिपके संपवायला माझ्या यंत्राला सेकंदाहून जास्त वेळ लागत होता."

"म्हणजे हळू फिरवल्यासारखंच!" मुंगी म्हणाली.

"अगदी तसंच. आणि मी 'नाही' दाबून मोकळा." ते मावशीकडे वळले. "ताई, माझं बोट माझ्या डोक्याच्या पुढे पळालं आणि बोल तुम्हाला लागला. माफ करा."

मावशीने मान हलवली, आणि बासरीवरची तिची घट्ट मूठ जराशी सैल झाली.

साउंडकाकांनी या वेळी 'हो' दाबलं. आजोबा पुन्हा दुकान बंद करू लागले. "एक, दोन, तीन, चार..." हा आवाज नेहमीच्या मावशीचा होता, सर्दीबिर्दी काही नाही. बासरी सुरू झाली आणि व्हायोलिनांनी तिला अलगद मधे घेतलं. दिवा मालवला. दार ओढलं. शेवटचा सूर आला, सहाही भोकं बंद करून वाजवलेला, आणि त्याच्या टोकाशी कुलूप लागलं. खट्.

संगीतकारांनी की-बोर्ड बंद केला.

"ताई," मग ते म्हणाले, "ही बासरी अशीच राहील. की-बोर्डवर हे जमलं नसतं. आणि पुढच्या कामाला मी तुम्हालाच बोलावणार, फक्त ही तीन माणसं बरोबर आणायची."

"मी तर म्हणतो, निरोप वाचायला याला ठेवूनच घेऊ!" साउंडकाकांनी शंकासुराच्या पाठीवर थाप मारली.

"पण काका, हे 'नाही' बटण ठेवलंच कशाला असतं?"

"झालं सुरू!" कप्तान म्हणाला आणि सगळे हसले.

मावशीने बासरी पिशवीत घातली आणि नाडीची सुरगाठ मारली.

"आणि तुझं काय, छोट्या बाई?" संगीतकार मुंगीसमोर वाकले. "हा कान कुठून आणलास?"

मुंगीने त्यांच्याकडे पाहून मान हलवली आणि बोट ओठांवर ठेवलं. ती एक सूर घरी घेऊन निघाली होती. या वेळी बरोबर असलेला.

"म्ंऽऽऽ," ती म्हणाली, आणि एकेक पाऊल जपून टाकत दाराकडे चालू लागली.