खिडकीजवळची टाटपट्टी

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं आणि माळावर नवं गाव बसलं. शाळाही नवी कोरी; फक्त पोरं कमी. पट आणखी घसरला तर शाळेला कुलूप, मग पोरं हायवे ओलांडून दुसऱ्या गावी, असं केंद्रप्रमुख लिलाधर सरांनी नव्या मुख्याध्यापिका ज्योत्स्नाबाईंना आल्याआल्याच ऐकवलं होतं. त्यामुळे शाळेच्या स्वयंमूल्यमापनासाठी पुराव्याचे फोटो गोळा करताना बाई अंगात आल्यासारख्या फिरत होत्या. हात धुण्याचा फोटो झाला. परसबागेचा झाला, वांगं एकच लागलं होतं, ते चारी बाजूंनी काढलं.

राहिला भरलेल्या वर्गाचा. आणि तिथंच घोडं अडलं. पोरं दाटीवाटीनं बसलेली, पण खिडकीजवळची टाटपट्टी, पोरांनी बसायची लांब पट्टी, रिकामी.

"काहून रे? काटे आहेत का तिथं?"

खिचडी शिजवणारी सखाबाई दारातून म्हणाली, "मॅडमजी, ते जुन्या शाळेतच रायलेल्या पोरायची जागा हाये. गाव सोडलो तवापासून आमी अंथरतो. पन कोनाले बसवत नाई. तिथं या म्हनून बोलावतबी नाई."

"म्हणजे फोटोत रिकामी जागा दाखवू? अन् शाळा बंद करवू?"

"तसं नाई जी…"

बाईंनी मोबाइल धरला. ती पट्टी नेमकी मधोमध येत होती. वैतागून त्या खेकसल्या, "बसा रे कोणीतरी तिथं! या, या लवकर!"

एकही पोरगं उठलं नाही. सखाबाईच्या हातातली पळी मात्र खाली पडली. बाईंनी चरफडत फोटो काढला आणि तसाच लिलाधर सरांना पाठवून दिला.

जेवणानंतर पाढे सुरू झाले. आवाज आज चांगला भरदार लागला होता; बाई सुखावल्या. मग खिडकीतून गाळाचा वास आला. नदी तर तिथून कोसभर लांब.

"पुरे," बाई म्हणाल्या.

पोरं थांबली.

पाढा थांबायला जरा वेळ लागला.

तेवढ्यात लिलाधर सरांचा फोन. "शाब्बास मॅडम! वर्ग कसा गच्च भरून राहिला! आता कोन बंद करते तुमची शाळा? मी फोटो वर पाठवूनबी देल्लो. फक्त खिडकीजवळच्या पोरायचे केस पुसत जा जी. थंडीचे दिवस हायेत."

बाईंनी फोटो उघडला. पट्टी रिकामीच होती.

सुट्टी झाली. पोरं एकमेकांना ढकलत घरी पळाली. बाईंनी घाईघाईनं दार ओढलं, कडी घातली, आणि चपला घालायला वळल्या.

पायरीवर त्यांच्या चपलांशेजारी लहान चपलांची ओळ होती. गाळानं माखलेली, अजून निथळणारी.

सगळ्या चपलांची तोंडं वर्गाकडे.