काजळ आणि गाडीतला एक श्वास

“गाडीत एक श्वास शिल्लक आहे,” मैना म्हणाली.

मैना म्हणजे आमची आपोआप चालणारी, बोलकी गाडी. तिच्या छतात रडार (लहरी सोडून, त्या कशा परत येतात यावरून बारीकशी हालचालही ओळखणारं यंत्र) आहे. बाळ चुकून मागे राहू नये म्हणून मीच ते हट्टाने बसवून घेतलं होतं.

पण बाळ तर माझ्या खांद्यावर झोपलं होतं. माझी लेक शालू ओट्यावर होती. मग श्वास कुणाचा?

मला वाटलं, कापडाचा. आम्ही अकोल्याचे लोक ऊन फुकट जाऊ देत नाही. कुरडया मी गाडीत वाळवायची. काचा बंद, त्यामुळे धूळ नाही, चिमण्या नाहीत. मागच्या सीटवर कुरडया आणि त्यांच्यावर मलमलीचं पातळ कापड. आदल्या आठवड्यात ते हललं तेव्हाही मैना “श्वास, श्वास” करत बसली होती.

“कापड आहे गं बाई, गप्प बस आता,” मी म्हणाले. बाळ उठेल याची धास्ती होती. मी गाडीचं दार लोटून घरात गेले.

जेवणं झाल्यावर शालू कुरडया उलटायला गेली आणि तिची किंकाळी ऐकू आली. सीटखाली काजळ, आमची काळी मांजर, आडवी पडली होती. मी कुरडया पसरताना ती आत शिरली असणार. काचेतून ऊन आत येतं, पण उष्णता सहज बाहेर पडत नाही. मी कुरडयांसाठी केलेल्या भट्टीत ती सापडली होती.

तिला सावलीत आणलं. अंगाचा हाताला चटका बसत होता. कुंपणापलीकडून वच्छलाकाकू ओरडल्या, “आवं, पाणी घाल ना तिच्या तोंडात!”

घेरी आली की पाणी, हे आपल्याकडे ठरलेलंच. मीही पेला तिच्या तोंडाला लावलाच होता.

“तोंडात नको!” मैना म्हणाली. “श्वास चालत नसेल तर पाणी फुप्फुसात जातं. अंगावर ओता. छाती हलतेय का?”

हलत नव्हती. बाळ उठून रडायला लागलं होतं. काकूंनी येऊन त्याला घेतलं आणि मी पेला काजळच्या अंगावर ओतला.

“हृदयही थांबलं असणार. मला हात नाहीत,” मैना म्हणाली. “शालू, तुला आहेत.”

“हृदय थांबलंय ना? मग मी काय करू?”

“बाळाच्या औषधाचा ड्रॉपर आठव. रबर दाबलं की औषध बाहेर, सोडलं की आत. हृदयही तसंच. त्यातल्या झडपा (एकाच बाजूला उघडणारी दारं) रक्त मागे येऊ देत नाहीत. ते काम आता तुझ्या बोटांनी करायचं, म्हणजे मेंदूला प्राणवायू मिळेल.”

“उताणी करू?”

“नको. माणसाची छाती पाटासारखी पसरट. हिची होडीच्या तळासारखी निमुळती, कलंडेल. कुशीवरच असू दे. पुढचा पाय दुमड. कोपर छातीला टेकतं, तिथेच हृदय. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला बोटं. छातीच्या जाडीचा तिसरा हिस्सा आत जाईल इतकं दाब. आणि दर वेळी पूर्ण सोड! सोडल्याशिवाय ड्रॉपर भरत नाही.”

सेकंदाला साधारण दोनदा. तीस वेळा दाबून झालं की माझी पाळी. तिचं तोंड मिटून, मान सरळ धरून नाकात दोन हलक्या फुंकरा. छाती उचलली की थांबायचं.

“मैने, तू पुन्हा का नाही सांगितलंस गं?” शालू दाबता दाबता रडत होती.

“आईने गप्प बस सांगितलं होतं.”

मी मान खाली घालून पुढची फुंकर मारली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. अचानक शालूच्या बोटांखाली बरगड्या आपोआप हलल्या. ओल्या फडक्यात काजळला घेऊन आम्ही गाडीत बसलो.

“मोठा कुत्रा असता तर?” शालूने वाटेत विचारलं. तिला गप्प बसवत नव्हतं.

“तोही कुशीवरच. पण त्याची गोल छाती मुठीत मावत नाही,” मैना म्हणाली. “दोन्ही हात एकावर एक ठेवून छातीच्या सगळ्यात रुंद जागी दाबायचं. तिथे आख्ख्या छातीतला दाब वाढतो आणि रक्त पुढे सरकतं.”

पशुवैद्य डॉक्टर इंगळे म्हणाल्या, “लेकीने जीव वाचवला हिचा. बहुतेकदा इतकं करूनही हृदय सुरू होत नाही. पण मेंदू फार वेळ उपाशी राहिलाय. बघू.”

काजळ जगली. तिला दिसेनासं मात्र झालं. अजून ती उंबऱ्याला धडकते, आणि शालू माझ्याकडे बघतही नाही, नुसती जाऊन तिला उचलते. तेव्हा मला वाटतं, दाराची कडी ओढायला, वाकून सीटखाली बघायला असा कितीसा वेळ लागला असता?

दृष्टी हळूहळू परत येऊ शकते, असं डॉक्टर म्हणतात. काल शालूने भिंतीवर आरशाचा कवडसा नाचवला. काजळने मान वळवली. एकदाच, पण वळवली. आणि मैनाला आता मुभा आहे, आत श्वास असला की कुणाला न विचारता काचा खाली करायच्या.

तुमची गाडी मात्र अजून बोलत नसेल. म्हणून पुस्तक क्षणभर पालथं घाला. तुमची मनी, तुमचा मोती, गल्लीतलं ते लंगडं पिल्लू आत्ता कुठे आहे? बघून या ना. सीटखालीही वाका.