मावशीच्या विहिरीतली ठकठक

“म्हणे आजोबा कुठेतरी पत्ते खेळत बसले असतील! रात्रभर?” नुन्झिओ रडकुंडीला आला होता. त्याचे आजोबा काल संध्याकाळी पर्यटकांबरोबर नापोली शहराखालच्या भुयारांत उतरले होते. लहानपणी युद्धात जिथे लपले, ती जागा त्यांना बघायची होती. ते परतलेच नव्हते! वाटाड्या मात्र छातीठोकपणे सांगत होता, “सगळे वर आले!” आणि मोठ्यांना ते पटलंही होतं.

“चल, माझ्या मावशीकडे दोन घास खा. मग शोधू,” त्याच्या मैत्रिणीने, तितीनाने त्याला ओढलं.

मावशीच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकतात तोच... ठक! ठक! कोपऱ्यातल्या बंद विहिरीतून!

“शूऽऽ!” मावशीने ओठांवर बोट ठेवलं. विहिरीच्या झाकणावर तिने मॅकरोनीची बशी ठेवली होती. “मुनाचिएल्लो आलाय! विहिरीतला बुटका साधू. रात्रभर ठोठावतोय. बाहेर बोललात तर घराची बरकत जाईल!”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. गल्लीतल्या जुन्या विहिरी भुयारांतच उतरतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण झाकण काढू म्हटलं असतं तर मावशीने लाटणंच उगारलं असतं!

“अगं मावशी, झाकणावरचं तो खाणार कसं?” तितीना साळसूदपणे म्हणाली. “चिडेल ना! टोपलीतून खाली सोडू या.”

मावशी घाबरली. तिने स्वतःच झाकण सरकवलं आणि खिडकीतून दोरीने भाजी वर घ्यायची टोपली आणली. दोरी खाली गेली. थोड्या वेळाने हिसका बसला!

टोपली वर आली. बशी चाटूनपुसून साफ, आणि तिच्यात एक चष्मा!

“मावशी, साधू चष्मा लावतो?” तितीनाने विचारलं.

“हा आजोबांचा!” नुन्झिओ विहिरीवर ओणवा झाला. “आजोबाऽऽ!”

“अरे, आणखी आहे का?” खालून थकलेला आवाज आला. “मीठ जरा कमी पडलंय!”

नुन्झिओ हसता हसता रडायला लागला.

फुटबॉलचा सामना चुकू नये म्हणून वाटाड्याने माणसं न मोजताच भुयाराचं फाटक लावलं होतं! शेजाऱ्यांनी त्याला कान धरूनच आणलं आणि फाटक उघडायला लावलं. आजोबा वर आले तशी मावशी हुंदके देऊ लागली. “रात्रभर ऐकत होते हो मी!”

“रडू नकोस, पोरी. जेवायला तर घातलंस!” आजोबांनी दोन्ही मुलांना जवळ घेतलं. “अख्ख्या गल्लीत अक्कल आहे ती या दोघांनाच. ठोठावतंय कोण, ते बघायला हवं, हे फक्त यांना सुचलं!”

वाटाड्याने मान खाली घातली. नुन्झिओने मात्र घरी पोहोचेपर्यंत आजोबांचा हात सोडला नाही.