लिहिण्याच्या खोलीचे दार

ज्या मेजावर मी हे लिहितो आहे, ते वाशीतल्या आमच्या घराच्या सर्वांत लहान खोलीत आहे. खिडकीऐवजी उंचावर सिमेंटची जाळी, एक खुर्ची, एक दार. १९८३ च्या जुलैत ते दार घट्ट बसू लागले. खाडीचा वारा दमट असतो, लाकूड फुगते. यात गूढ काही नाही, असे मी तेव्हा म्हणत असे. कोणी वाद घातला तर सिद्धही करून दाखवीत असे.

आमच्या ख्रिस्ती मंडळीला अजून मंदिर नव्हते. उपासना माझ्याच हॉलमध्ये भरे, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी ठाण्याहून पाळक येऊन प्रभुभोजन, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारसाचा पेला, देत. मी मराठीचा शिक्षक. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांची पत्रे मी लिहून देई. त्याच वर्षी जूनमध्ये मंडळीतल्या यशोदाबाईंनी आपल्या धाकट्या बहिणीसाठी एक पत्र सांगितले. आईच्या मातीला त्यांनी तिला मुद्दाम कळवले नव्हते. अकरा वर्षे अबोला होता.

"गिरजे, चूक माझी. तू ये, न्हाईतर मी येते."

एवढेच पत्र. मला ते ओबडधोबड वाटले. वर तारीख घातली, जरा नीट करून उद्या टाकतो म्हणालो, आणि ते याच मेजाच्या खणात राहिले.

पुढच्या रविवारी त्यांनी विचारले, "मास्तर, पत्र टाकलं न्हवं?"

"टाकलं."

दुसऱ्या दिवशी टाकणारच होतो. म्हणून ते असत्य मला असत्य वाटले नाही. पुढे ती जुनी तारीखच आड आली. उशिरा टाकले असते, तर खोटे उघडे पडले असते.

बहिणीशी समेट झाल्यावाचून पेल्याला ओठ लावायचा नाही, असा यशोदाबाईंचा नेम होता. पेला आला की त्या तो शेजारी देत. "गिरजेचं उत्तर येऊ द्या, मंग." शेजारी मी बसत असे. मी पीत असे.

डिसेंबरात हवा कोरडी झाली, तरी दार सैलावेना. बोनकोड्याचा गोटीराम सुतार तिसऱ्यांदा आला.

"मास्तर, तीन येला रंधा मारला. आता बोट जाईल अवरी फट पायजे. बघा, केस बी जात नाय. आत काय लपवून ठेवलंय काय?"

"व्याकरणाची पुस्तकं, दुसरं काय!" माझी पत्नी वैजयंती हसली. मीही हसलो, किंचित उशिरा. गोटीरामने चौकटीवरून हात फिरवला, हत्यारे गोळा केली, आणि तो पुन्हा आला नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी यशोदाबाई काठी टेकीत आल्या. जिन्याने त्यांना धाप लागली होती.

"डागदर म्हनतो, फार दिस न्हाईत. म्हंजी पेल्याबिगरच जायचं का काय, मास्तर?" त्या थट्टेने म्हणाल्या.

त्याच क्षणी मी ठरवले. पत्र आणायचे, सर्वांसमक्ष त्यांच्या हाती द्यायचे, आणि खरे सांगायचे. पाळक भाकरीवरचे वस्त्र उचलीत असताना मी उठलो, खांदा लावून दार उघडले, खणातून पत्र घेतले आणि वळलो.

दार लागलेले होते. आवाज झाला नव्हता.

मी ओढले. कडी हातात आली. मी ठोठावले, पलीकडे गीत सुरू झाले होते. गुडघे टेकून मी पत्र दाराखालून सारू लागलो. रोज सकाळी तिथून हॉलमधला उजेड आत येत असे. कागदाचा कोपरा दुमडला. पुढे जाईना.

गीत संपले. यशोदाबाईंचा आवाज आला, अगदी दाराजवळून.

"मास्तर, पत्र टाकलं न्हवं? खरं सांगा."

"नाही!" मी ओरडलो. "यशोदाबाई, नाही टाकलं!"

मी दारावर मूठ आपटली.

मग हॉलमधून माझाच आवाज आला. संथ, स्वच्छ, वर्गात असतो तसा.

"टाकलं, यशोदाबाई."

बाहेर खुर्ची सरकली. वैजयंती हलकेच म्हणाली, "अहो, बसा ना. पेला तुमच्याकडेच येतोय."